संग्रहालयात जाताना आपला विषय सोबत न्या

१९३१ साली परळहून शिवडीकडे जाणाऱ्या रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिल्प निघालं. दहा फुटांहून उंच, एकाच दगडात कोरलेलं आणि अभ्यासकांच्या मते इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातलं, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आगेमागचं. त्यात शिवाच्या सात आकृत्या आहेत. मध्यावर एकीच्या वर एक अशा तीन, आणि त्यांच्या अंगातून डावी-उजवीकडे तिरक्या फुटलेल्या आणखी चार. पायथ्याशी वाद्यं घेतलेले गण आहेत. हे शिल्प शिवाचं नेमकं कोणतं रूप दाखवतं, यावर विद्वानांचं आजही एकमत नाही. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात आहे आणि त्याची पूजा होते. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे त्याची प्लास्टरची प्रतिकृती आहे.

मुंबईतल्या कॉलेजच्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सुचवेन: ही दोन्ही एकाच दिवशी पाहा. आधी प्रतिकृतीसमोर निवांत उभं राहा. कुठली आकृती कुणाच्या मागून निघते, कुणाला किती हात आहेत, गणांच्या हातात कोणती वाद्यं आहेत, कोरीव काम सगळीकडे सारखंच पूर्ण झालंय का, हे वहीत टिपून घ्या. मग लोकलनं परळ गाठा. देवळाच्या वेळा आणि तिथले नियम आधी विचारून घ्या, चपला काढा आणि तोच शिव देव म्हणून पाहा. तिथं येणारी आजी सात आकृत्या मोजत नाही. ती हात जोडते, दोन शब्द पुटपुटते आणि निघते. प्लास्टरच्या शिवासमोर आपण अभ्यासक होतो आणि दगडाच्या शिवासमोर भाविक. मग पाहणं नेमकं कुठं झालं? हा प्रश्न वर्गात मांडला तर एक तास सहज पुरेल, आणि तो इतिहासाच्या, तत्त्वज्ञानाच्या, समाजशास्त्राच्या, कोणत्याही वर्गात चालेल.

कॉलेजची संग्रहालयाची भेट सहसा अशी होत नाही. बस येते, हजेरी होते, मुलं दीड तासात पंधरा दालनं ओलांडतात, पायऱ्यांवर ग्रुप फोटो निघतो आणि आठवडाभरात अहवालाचं सबमिशन होतं. त्या अहवालातला बराच मजकूर नेटवरून आलेला असतो. दोष मुलांचा नाही. हातात प्रश्न नसेल तर हजार वस्तू म्हणजे हजार बंद काचपेट्या. आपल्या शिक्षणात संग्रहालय हा ‘कला’ नावाच्या कप्प्यात टाकलेला विषय आहे, त्यामुळे बी.कॉम.च्या किंवा इंजिनीअरिंगच्या मुलाला तिथं आपलं काम काय हे कुणी सांगतच नाही.

खरं तर आपल्याकडची संग्रहालयं घडवली ती बहुतांशी दुसऱ्याच विषयाच्या माणसांनी. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुलं झालं. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावानं ओळखलं जातं. गोव्यातल्या मांद्रे गावी जन्मलेले भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. रोग्यांना तपासायचे, कुष्ठरोगावरच्या औषधाचा शोध घ्यायचे आणि त्याच तळमळीनं अजिंठ्याचे शिलालेख वाचायचे, नाणी आणि हस्तलिखितं जमवायचे. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचे दिनकर केळकर चष्म्यांच्या धंद्यातले, शिवाय ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे. अडकित्ते, दिवे, दरवाजे, भांडी अशा वस्तू त्यांनी गावोगाव फिरून गोळा केल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. फोर्टच्या वस्तुसंग्रहालयात कार्ल आणि मेहेरबाई खंडालावाला यांच्या संग्रहाचं दालन आहे. कार्ल खंडालावाला व्यवसायानं वकील. गाजलेल्या नानावटी खटल्यात बचाव पक्षाचे वकील तेच, आणि पहाडी लघुचित्रांवरचा १९५८ सालचा अधिकारी ग्रंथही त्यांचाच.

तेव्हा ‘मला कलेतलं काही कळत नाही’ म्हणून संग्रहालयाच्या दारावरून परतायचं कारण नाही. उलट जे शिकताय तेच घेऊन आत जा.

पण त्याआधी एक सवय लागते, थांबण्याची. हार्वर्ड विद्यापीठातल्या कला-इतिहासाच्या प्राध्यापक जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एका चित्रासमोर पूर्ण तीन तास बसायला सांगतात. मुलं हबकतात. रॉबर्ट्स यांनी स्वतः जॉन सिंगलटन कॉप्लीचं १७६५ सालचं एक चित्र असं पाहिलं. त्यात साखळीला बांधलेली खार घेऊन बसलेला एक मुलगा आहे. मुलाच्या कानाचा आकार आणि खारीच्या पोटावरच्या केसांच्या झालरीचा आकार सारखा आहे, हे लक्षात यायला त्यांना नऊ मिनिटं लागली. ज्यांचा हा व्यवसाय आहे, त्यांना. आपण एका चित्रासमोर किती वेळ थांबतो ते आठवून पाहा. तीन तास नको, वीस मिनिटं ठरवा. पहिल्या पाच मिनिटांत कंटाळा येईल, तो येऊ द्या. त्यानंतर चित्रातल्या वस्तू एकेक करून पुढं यायला लागतात.

सोबत तीन प्रश्न न्या. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये शिक्षणविभाग सांभाळलेले फिलिप येनावाईन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसन यांनी चित्र पाहण्याची एक पद्धत बसवली, तिचा सगळा डोलारा या तीन प्रश्नांवर उभा आहे. या चित्रात काय चाललंय? असं तुम्ही कशावरून म्हणता? आणखी काय दिसतंय? मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ‘ही बाई दुःखी आहे’ असं कुणी म्हटलं की कशावरून, हे चित्रातच बोट दाखवून सांगावं लागतं. पाच-सहा जणांचा गट करून हे करून पाहा, पण काचेखालची पाटी शेवटी वाचा. पाटी आधी वाचली की डोळे तेवढंच शोधतात.

या सवयीचा उपयोग किती दूरवर जातो, याचं उत्तम उदाहरण वैद्यकीय शिक्षणातलं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात त्वचारोगाचे प्राध्यापक अर्विन ब्रेव्हरमन यांना एक गोष्ट खटकत होती. आपले विद्यार्थी रोग्याकडे पाहतात, पण नीट निरखत नाहीत. विद्यापीठाच्याच ब्रिटिश कलेच्या संग्रहालयातल्या शिक्षण-अभिरक्षक लिंडा फ्रीडलेंडर यांच्या मदतीनं त्यांनी वैद्यकीय विद्यार्थ्यांना चित्रांसमोर उभं केलं. प्रत्येकाला एक अनोळखी चित्र द्यायचं. त्यानं ते काही मिनिटं पाहायचं आणि मग इतरांना फक्त जे दिसतं तेच सांगायचं. अर्थ लावायचा तो नंतर. ‘आजारी आहे’ असं नाही म्हणायचं, ‘ओठ निळसर आहेत, हात पलंगाबाहेर लोंबतोय’ असं म्हणायचं. मग या मुलांची, आणि नेहमीच्या व्याख्यानांना बसलेल्या मुलांची, रोग्यांची छायाचित्रं दाखवून परीक्षा घेतली. चित्रांसमोर उभं राहिलेल्या मुलांना जास्त तपशील दिसले. हा अभ्यास २००१ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला आणि त्यानंतर कितीतरी वैद्यकीय महाविद्यालयांनी हा मार्ग धरला.

परळच्या केईएमचे, भायखळ्याच्या जेजे रुग्णालयाचे वैद्यकीय विद्यार्थी हे उद्यापासून करू शकतात. जेजेच्या आवारापासून भाऊ दाजींचं संग्रहालय फार लांब नाही, आणि भाऊ दाजी तर जेजेशी जोडलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजचेच. त्या संग्रहालयातल्या मातीच्या छोट्या प्रतिमा पाहाव्यात. त्या काळच्या मुंबई परिसरातल्या निरनिराळ्या जातीजमाती, धंदे, पेहराव, खेळ त्यात दाखवले आहेत. एकेका आकृतीचा बांधा, उभं राहण्याची ढब, पागोट्याची बांधणी यांचं वर्णन कोणताही निष्कर्ष न काढता करून पाहणं ही चांगलीच कसोटी आहे. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिथंच दुसरा प्रश्न पडावा: माणसांचे असे नमुने मांडायची गरज कुणाला आणि कशासाठी वाटली? फोर्टच्या वस्तुसंग्रहालयाचंही वैद्यकाशी जुनं नातं आहे. जॉर्ज विटेटनं बांधलेली ती इमारत १९१४ साली पुरी झाली, पण महायुद्ध सुरू झालं होतं. संग्रहालयाच्या आधी तिथं लष्करी रुग्णालय थाटलं गेलं. लोकांसाठी ती खुली झाली १० जानेवारी १९२२ रोजी.

आता रसायनशास्त्राकडे येऊ, कारण लघुचित्रांच्या दालनात रसायनशास्त्राइतकं खोल शिरणारा विषय दुसरा नाही.

लघुचित्रांच्या दालनात उजेड इतका कमी का असतो, असं बहुतेकांना वाटतं. वीज वाचवायला नव्हे. कागद, कापड आणि नाजूक रंग यांच्यासाठी जगभरची संग्रहालयं साधारण ५० लक्स ही प्रकाशाची मर्यादा पाळतात. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतं. भर दुपारी उन्हात एक लाख लक्सच्या घरात प्रकाश असतो. प्रकाशानं झालेली इजा साठत जाते आणि भरून येत नाही. चित्र अंधारात ठेवलं म्हणून उडालेला रंग परत येत नाही. म्हणूनच अशी चित्रं काही महिने मांडून पुन्हा भांडारात नेतात, आणि म्हणूनच फ्लॅश नको म्हणतात. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकाश मोजणारं ॲप फोनवर घ्यावं आणि परवानगी घेऊन दालनादालनातला उजेड मोजावा. फोनची मोजणी ढोबळ असते, पण खिडकीजवळच्या आणि आतल्या भिंतीवरच्या आकड्यांतला फरक ती दाखवते. त्यावरून, चित्र कुठं लावायचं हा निर्णय कसा होतो ते समजतं.

मग रंग. लाल बहुधा हिंगूळ, म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. पिवळा हरताळ, त्यात आर्सेनिक आणि गंधक. पोथी लिहिताना झालेली चूक झाकायलाही हीच हरताळ वापरत. निळ्यासाठी कधी नीळ, कधी लाजवर्दाचा दगड कुटून केलेली पूड. हिरव्यासाठी जंगाल वापरत, आणि या जंगालाची कथा मला सगळ्यात वेधक वाटते. तांब्यावर आंबट द्रवाची प्रक्रिया केली की त्यावर निळसर हिरवी पुटं चढतात, ती खरवडून हा रंग मिळतो. रंग सुरेख दिसतो, पण त्यातलं तांबं हळूहळू खालचा कागद जाळतं. काही जुन्या चित्रांत लाल-पिवळा भाग शाबूत असतो, पण जिथं हिरवं होतं तिथं कागद तपकिरी पडून तडकलेला, कधी गळून गेलेला असतो. अशा चित्राच्या अगदी जवळ जाऊन (काचेला नाक न लावता) हिरव्याच्या कडा पाहा. झाडाची बाह्यरेषा, गवताचा पट्टा, एखाद्या दुपट्ट्याची किनार. रंगाच्या कडेनं कागदावर तपकिरी सावली उतरली आहे का? चित्रकाराचा हात थांबून शेकडो वर्षं झाली तरी त्याच्या रंगाची प्रक्रिया अजून चालू आहे. पुस्तकातलं ऑक्सिडेशन डोळ्यांनी पाहायची अशी जागा प्रयोगशाळेतही सापडणार नाही. मुंबईच्या दमट हवेत हे सारं रोखायचं कसं, हा संवर्धन करणाऱ्यांपुढचा रोजचा प्रश्न आहे. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय सापडत नाही म्हणणाऱ्यांनी संवर्धन विभागाच्या माणसांना एकदा जरूर भेटावं.

गणित आणि संख्याशास्त्राच्या मुलांसाठी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं उदाहरण पुरेसं आहे. गोव्यातल्या कोसबेंचे कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. संख्याशास्त्र वापरून पाहायला खरीखुरी सामग्री हवी, म्हणून ते प्राचीन आहत नाण्यांकडे वळले. त्यांचा तर्क असा: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. म्हणून जास्त काळ चलनात राहिलेल्या नाण्यांचं सरासरी वजन घटत जातं आणि त्यांच्या आपसातल्या वजनांतली तफावत वाढत जाते. हे खरं की नाही हे पडताळायला त्यांनी आपल्या काळात चलनात असलेली नाणीही तोलली. मग साठ्यांतली आहत नाणी एकेक करून तोलली आणि त्यांचा क्रम लावला. नाण्यांवरून इतिहास सांगायची अशी रीत एका गणितज्ञानं दाखवून दिली. विद्यार्थ्याला संग्रहालयातलं नाणं कुणी तोलायला देणार नाही, पण छापील नाणेसूचींत वजनं दिलेली असतात. तेवढी घेऊनही स्प्रेडशीटवर हा प्रयोग पुन्हा करता येतो.

कॉमर्सच्या विद्यार्थ्यांनी कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जावं. तिथं समुद्रदेव पोसायडनची एक छोटी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, रोमन जगातला समुद्रदेव आला कसा? कोणत्या बंदरात उतरला, कोणत्या घाटानं चढला, त्याच्या बदल्यात इथून काय गेलं असेल? सातवाहन काळातल्या व्यापारावरचं अख्खं प्रकरण त्या मूर्तीसमोर उभं राहून वाचावं. विधी शाखेच्या मुलांसाठी १९७२ चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तूला पुरावस्तू मानणारा आणि राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा मोजक्या कलावंतांच्या कृती देशाबाहेर नेण्यास मनाई करणारा. संग्रहालयाच्या काचपेटीतल्या प्रत्येक वस्तूला मालकीचा एक प्रवास असतो: देणगी, खरेदी, उत्खनन, कधी जप्ती. पाटीवर देणगीदाराचं नाव असतं, ते वाचायची सवय करा.

चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना मुद्दाम मागं ठेवलं, कारण त्यांचा वारसा फार मोठा आहे. १८५७ साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधल्या मुलांना घेऊन तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत अजिंठ्याला जात राहिले. काम होतं लेण्यांतल्या चित्रांच्या हुबेहूब प्रती करण्याचं. अंधाऱ्या, वटवाघळांनी भरलेल्या लेण्यांत ही तरुण मुलं हंगामामागून हंगाम बसली. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढं नामवंत चित्रकार झाले. प्रती लंडनला पाठवल्या गेल्या आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. उरलेल्या आज तिथल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. मूळ चित्रांची त्यानंतर जी झीज झाली ती पाहता, त्या मुलांनी काढलेल्या प्रती हा आता स्वतःच एक पुरावा आहे. अजिंठ्यात एखादा भाग पूर्वी कसा होता हे सांगायला अभ्यासक त्यांचा आधार घेतात. विद्यार्थ्यांचा सराव पुढच्या पिढ्यांना इतका उपयोगी पडल्याची उदाहरणं थोडी.

वस्तूसमोर बसून तिचं चित्र काढणं हे फक्त जेजेच्या मुलांनीच करायचं असं मात्र नाही. ज्याला सरळ रेघ मारता येत नाही त्यानंही एक तास बसून मूर्तीचा हात काढून पाहावा. मनगट कुठं वळलंय, अंगठा कोणत्या बोटाला टेकलाय, हे कागदावर उतरवताना ज्या तपशिलाकडं लक्ष जातं, त्याकडं मोबाइलनं काढलेल्या शंभर फोटोंत जात नाही. पेन किंवा रंग नेऊ नका, पेन्सिल आणि वही न्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्याला हरकत नसते, तरी दाराशी विचारून घ्यावं.

जेजेतूनच बाहेर पडलेले सुदर्शन शेट्टी आणि जितीश कल्लाट यांनी २०१० आणि २०११ साली भाऊ दाजी लाड संग्रहालयात आपली प्रदर्शनं मांडली, ती कोऱ्या भिंतींवर नव्हे, तिथल्या एकोणिसाव्या शतकातल्या काचपेट्यांच्या आणि वस्तूंच्या मधोमध. जुन्या संग्रहाशी आजचा कलावंत बोलू शकतो, हे त्यांनी दाखवलं. त्याच धर्तीवर एखाद्या कॉलेजच्या नाट्यमंडळानं दालनात वीस मिनिटांचा प्रयोग करावा, मराठी विभागाच्या मुलांनी एकेका वस्तूवर कविता लिहून त्या तिथंच वाचाव्यात. परवानगी मागितली तर मिळायची शक्यता आपण समजतो त्यापेक्षा जास्त असते.

इथवर जे लिहिलं ते घेण्याबद्दल होतं. संग्रहालयाला देण्यासारखंही विद्यार्थ्यांकडं पुष्कळ आहे. पाटी लिहिणं घ्या. अनेक संग्रहालयांतल्या मराठी पाट्या वाचवत नाहीत. इंग्रजी वाक्य शब्दाला शब्द ठेवून उलटवलेलं असतं, आणि ‘दगड, बारावे शतक’ यापलीकडं काही सांगितलेलं नसतं. साठ-सत्तर शब्दांत, दहावीच्या मुलाला कळेल आणि अभ्यासकाला खटकणार नाही अशी पाटी लिहिणं ही मराठीच्या एम.ए.साठी जबरदस्त तालीम आहे. अशा पन्नास पाट्या लिहून अभिरक्षकांकडं तपासायला द्या. बोलीत लिहा, ऐकायच्या पाट्या रेकॉर्ड करा. अंध प्रेक्षकांसाठी चित्राचं वर्णन करून पाहा. ते करताना, ‘सुंदर’ या शब्दानं समोरच्याला काहीच दिसत नाही, हे पहिल्याच मिनिटाला कळतं. मराठी विकिपीडियावर गावोगावच्या संग्रहालयांबद्दल मजकूर फार तोकडा आहे, ते काम एखाद्या कॉलेजनं वर्षभर उचललं तरी मोठी भर पडेल. संगणकाच्या विद्यार्थ्यांना पुण्यातच उदाहरण आहे. राष्ट्रीय संग्रहालयांच्या वस्तूंची डिजिटल नोंद ज्यात होते ती ‘जतन’ ही प्रणाली सी-डॅकच्या पुण्याच्या केंद्रानं तयार केली. लहान संग्रहालयांच्या नोंदवह्या आजही हातानं लिहिलेल्या आहेत, आणि कागद जुना होत चालला आहे.

हे सगळं अभ्यासक्रमाबाहेरचं ओझं वाटायला नको. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवीच्या आराखड्यात फील्ड प्रोजेक्ट, ऑन जॉब ट्रेनिंग, भारतीय ज्ञानप्रणाली यांना श्रेयांक आहेत. कॉलेजं मात्र मुलांना कुठं पाठवायचं म्हणून धडपडत असतात आणि शेवटी एखाद्या ओळखीच्या ऑफिसातून सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र आणवतात. त्याऐवजी जवळच्या संग्रहालयाशी वर्षाचा करार केला तर दोघांचंही भलं होईल. पत्र मात्र नेमकं लिहावं. ‘आमच्या विद्यार्थ्यांना भेट द्यायची आहे’ एवढं लिहिलं तर तिकीट काढून या असंच उत्तर येणार. ‘आमचे सहा विद्यार्थी तुमच्याकडच्या दिव्यांची मापं आणि रेखाटनं करू इच्छितात, आठवड्यातून एक दुपार, तीन महिने, सोबत एक शिक्षक’ असं लिहिलं की अभिरक्षक खुर्ची पुढं करतात. संग्रहालयात मांडलेल्या वस्तूंपेक्षा भांडारात ठेवलेल्या वस्तू नेहमीच जास्त असतात, आणि तिथवर पोचायची वाट अशाच नेमक्या मागणीतून जाते.

विद्यार्थी आणि कलासंग्रह किती जवळ येऊ शकतात, याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ओबर्लिन कॉलेजचं. तिथल्या ॲलन मेमोरियल आर्ट म्युझियमनं १९४० साली, पुढं कला-इतिहासाच्या प्राध्यापिका झालेल्या एलन जॉन्सन यांच्या पुढाकारानं, विद्यार्थ्यांना अस्सल कलाकृती भाड्यानं द्यायला सुरुवात केली. एका सत्राचं भाडं अनेक वर्षं पाच डॉलर होतं. त्यात पिकासो, वॉरहॉल अशांच्या कृती असतात. आवडतं चित्र हातचं जाऊ नये म्हणून मुलं आदल्या रात्रीपासून संग्रहालयाबाहेर अंथरूण टाकून रांग लावतात आणि दुसऱ्या दिवशी ते चित्र होस्टेलच्या खोलीत, अभ्यासाच्या टेबलावर टांगतात. सकाळी उठल्यावर, परीक्षेच्या आदल्या रात्री, भांडण झाल्यावर, असं चार-पाच महिने एकच चित्र डोळ्यांसमोर राहतं. आपल्याकडं हे अशक्य आहे असं मी मानत नाही. पिकासो नसेल. पण कला महाविद्यालयांकडं माजी विद्यार्थ्यांची उत्तम मुद्राचित्रं आणि रेखाटनं पडून आहेत. त्यांतली पन्नास चौकटीत बसवून शेजारच्या सायन्स कॉलेजच्या होस्टेलला सत्रभर द्यायला कायद्याची आडकाठी नाही, लागते ती एक नोंदवही आणि थोडा विश्वास.

मुंबई-पुण्यापासून लांब असणाऱ्यांनीही मागं राहायचं कारण नाही. नागपूरच्या मुलांना १८६३ सालचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, ज्याला शहर अजूनही अजबबंगला म्हणतं. सातारा, कराड, सांगलीकडच्या कॉलेजांसाठी तर औंध आहे, आणि औंधसारखं संग्रहालय एखाद्या महानगरालाही हेवा वाटावं असं. संस्थानिक भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ साली श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभं केलं. तिथं रविवर्म्यांची मूळ चित्रं आहेत, बाळासाहेबांनी स्वतः काढलेली चित्रं आहेत, युरोपीय चित्रांच्या प्रती आहेत, आणि याच छताखाली इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं आई आणि मूल हे शिल्प आहे. औंधला बसनं जाणाऱ्या तुकडीनं आधी रविवर्म्याच्या एका चित्रासमोर वीस मिनिटं द्यावीत. कापडाची सळ, दागिन्याची चमक, त्वचेचा पोत, सगळं जसंच्या तसं रंगवलेलं आहे. मग मूरच्या शिल्पासमोर वीस मिनिटं. तिथं चमक नाही, पोत नाही, तरीही आई कुठं संपते आणि मूल कुठं सुरू होतं हे दिसतं. कशावरून दिसतं, ते प्रत्येकानं आपापल्या वहीत लिहावं आणि परतीच्या वाटेवर बसमध्ये एकमेकांना वाचून दाखवावं. बस सुटायच्या आधी अभिरक्षकांना भेटून पुढच्या वेळी भांडारातलं काय पाहता येईल, तेही विचारून घ्यावं.